बैरंग टपाल पुन्हा दारात

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे घाटाच्या पायथ्याशी वसलेले गाव. बुऱ्हाणपुराकडून येऊन घाट चढून दक्षिणेत जाणाऱ्या जुन्या वाटेवर ते आहे. १५८२ साली बांधलेली तेथील मशीद आणि १५९० मध्ये अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा व जमालखान यांच्यात तेथे झालेली लढाई, यांमुळे इतिहासाच्या ग्रंथांत या गावाला स्थान मिळाले. त्या काळी या वाटेने निरोप धाडावयाचा म्हणजे माणूस धाडावा लागे. जासुदाची बिदागी आणि घोड्याचा दाणा यांचा भार निरोप पाठविणाऱ्यावर पडे. साहजिकच निरोप पाठविण्यापूर्वी मनुष्य दहा वेळा विचार करीत असे.

आज त्याच रोहिणखेडात निरोपांना तोटा नाही. शाळेतील शिक्षक सकाळी फोन उघडतो, तेव्हा न मागितलेले कर्ज मंजूर झाल्याची वार्ता, न काढलेल्या सोडतीचे बक्षीस आणि ज्या बँकेत खाते नाही त्या बँकेची ‘शेवटची सूचना’ त्याची वाट पाहत असतात. कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या फोनवर पावसाच्या इशाऱ्याच्या शेजारीच सरकारी योजनेचे नाव घेऊन आलेला बनावट संदेश उभा असतो. नोकरीच्या शोधात असलेल्या पदवीधराचे मुलाखतीचे पत्र ई-मेलच्या ‘स्पॅम’ नावाच्या कप्प्यात जाऊन पडते आणि ते सापडते तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून गेलेली असते. गैरसोय म्हणून या गोष्टींकडे दुर्लक्ष करण्याची सवय आता सर्वांनाच लागली आहे. वस्तुतः हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. पत्राचा खर्च कोणी सोसावयाचा, हा टपालाच्या इतिहासातील मूळ प्रश्नच येथे नव्या रूपाने पुढे आला आहे.

अर्ध्या आण्याची क्रांती

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात पत्राचे पैसे बहुधा ते घेणाऱ्याकडून वसूल केले जात. अंतर वाढेल तसा दर वाढे. पोस्टमनाने दारात उभे राहून पैसे मागावेत, घेणाऱ्याने पाकीट उलटसुलट न्याहाळून ते परत करावे, असे प्रकार सर्रास घडत. पाकिटावरच एखादी सांकेतिक खूण करून ठेवली की क्षेमकुशल फुकटात कळे आणि पत्र घेण्याचे कारण उरत नसे. फोनची घंटा एकदा वाजवून बंद करण्याची ‘मिस्ड कॉल’ची आपल्याकडील युक्ती ही त्या खुणेचीच नात होय. रोलंड हिल यांनी १८३७ साली आपली सुधारणा मांडली, ती या दुखण्यावर होती. अंतर कितीही असो, दर एकच असावा आणि तो पाठविणाऱ्याने आगाऊ भरावा, ही त्यांची सूचना. १८४० साली ती अमलात आली आणि पेनीचे तिकीट जन्मास आले.

हिंदुस्थानात त्या वेळी मुंबईहून कलकत्त्यास एक तोळा वजनाचे पत्र धाडावयाचे तर एक रुपया पडे. रुपयाची त्या काळची किंमत लक्षात घेता सामान्य माणसाला पत्र ही चैनच होती. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १८५४ पासून, नव्या टपाल कायद्याने पाव तोळ्याच्या पत्राला देशभर सरसकट अर्धा आणा हा दर लागू झाला. तिकीट न लावलेले पत्र टपालखाते नाकारीत नसे. परंतु त्याचा दुप्पट आकार घेणाऱ्याकडून वसूल केला जाई. ते ‘बैरंग’ पत्र. ज्या घरी बैरंग पत्र येई त्या घरात ते घ्यावे की परत करावे यावर खल होई. तथापि परत करण्याचा अधिकार घरधन्याला होता, ही गोष्ट विसरता कामा नये. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि मजुराच्या घरीही दोन ओळी लिहिण्याची सोय झाली.

या व्यवस्थेचे मर्म दुहेरी होते. दर इतका अल्प की गरिबाला लिहिता यावे आणि तरीही तो शून्य नव्हता, त्यामुळे गावातील प्रत्येक घरी रोज शंभर पत्रे टाकण्याची इच्छा कोणाला होऊ नये. अर्ध्या आण्याचे ते तिकीट खात्याच्या उत्पन्नाचे साधन तर होतेच, शिवाय घेणाऱ्याच्या दारावरचा तो एक मूक पहारेकरीही होता.

तिकीट गळून पडले

ई-मेलच्या जन्माबरोबर हा पहारेकरी नाहीसा झाला. संगणकांची जाळी मूठभर विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुरती होती तोवर त्याची उणीव भासली नाही, कारण सारे एकमेकांच्या ओळखीचे होते. तरीही ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याने आपल्या मालाची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम धाडली आणि नको असलेल्या पत्रांच्या परंपरेचा श्रीगणेशा केला. १९९४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील दोन वकिलांनी ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात हजारो चर्चागटांवर एकाच वेळी लावली, तेव्हा या रोगाचे व्यापारी रूप उघड झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्याच वर्षी सबीर भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने फुकट ई-मेल देणारे ‘हॉटमेल’ काढले. ‘फुकट’ या शब्दाची मोहिनी एवढी की, पत्र फुकट झाले म्हणजे त्याचा खर्च नाहीसा झाला, अशी सर्वांची समजूत झाली.

खर्च नाहीसा झाला नव्हता, तो केवळ दुसऱ्याच्या खांद्यावर गेला होता. नको असलेले पत्र वाचण्याचा वेळ, ते साठविण्याची जागा, ते ओळखून बाजूला काढणारी यंत्रणा आणि चुकून फसल्यास होणारे नुकसान, हे सारे घेणाऱ्याच्या माथी आले. जस्टिन राव आणि डेव्हिड रायली या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली याचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजानुसार अशी पत्रे धाडणाऱ्यांची जगभरातील वार्षिक प्राप्ती सुमारे वीस कोटी डॉलर, तर एकट्या अमेरिकेतील कंपन्या व ग्राहक यांना पडणारा भुर्दंड सुमारे दोन हजार कोटी डॉलर. एक रुपया मिळविण्यासाठी दुसऱ्याचे शंभर रुपये जाळावयाचे, असा हा व्यापार आहे. थोडक्यात, बैरंग टपाल पुन्हा दारात आले आहे. आणि ते दारातूनच परत करण्याचा जुना अधिकार मात्र या वेळी सोबत आलेला नाही.

एका पैशाचे गणित

मग ई-मेलला पुन्हा तिकीट लावावे, ही कल्पना सुचणे स्वाभाविकच होते. तिची शक्ती किती, हे एका प्रयोगाच्या आकड्यांवरून समजते. २००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अशी पत्रे धाडणाऱ्या एका चोरट्या यंत्रणेत शिरकाव करून तिचा व्यवहार आतून मोजला. औषधांच्या जाहिरातीची सुमारे ३४ कोटी ७५ लाख पत्रे सव्वीस दिवसांत निघाली आणि त्यांतून खरेदीच्या टप्प्यापर्यंत पोचलेली गिऱ्हाइके भरली अवघी २८. त्यांच्या खरेदीची एकूण रक्कम २,७३२ डॉलरच्या घरात, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. आता प्रत्येक पत्रावर केवळ एक पैसा आकार असता तर काय झाले असते? पाठविण्याचा खर्च ३४ लाख ७५ हजार रुपये झाला असता. सव्वा लाखाच्या विक्रीसाठी पावणेपस्तीस लाख खर्च करणारा व्यापारी शोधून सापडावयाचा नाही. आणि ज्या शिक्षकाला दिवसाकाठी वीस पत्रे लिहावी लागतात, त्याला हा आकार महिन्याला सहा रुपये पडला असता.

पैशाऐवजी श्रमाचे तिकीट लावावे, असा एक पर्याय सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर या संगणकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्येच सुचविला होता. पत्र पाठविण्यापूर्वी संगणकाने एक छोटे गणित सोडवावे. एका पत्रासाठी ते क्षणाचे काम, परंतु कोटीभर पत्रांसाठी यंत्रे दमून जावीत. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी ‘हॅशकॅश’ या नावाने अशीच व्यवस्था रचली. पत्रव्यवहारात ती रुजली नाही. पुढे बिटकॉइन या आभासी चलनाच्या रचनेत मात्र ती कामी आली. २००४ च्या जानेवारीत दावोस येथे बिल गेट्स यांनी दोन वर्षांत ही कटकट संपेल असे भाकीत केले, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या उपायांतही पाठविणाऱ्यावर पैशाची जोखीम टाकण्याचा उपाय होता. दोन वर्षे उलटली, वीस उलटली. कटकट कायम आहे.

असे का झाले? तिकिटाच्या कल्पनेवरील आक्षेप पोकळ नव्हते, हे त्याचे प्रामाणिक उत्तर होय. पहिला आक्षेप चोरीचा. ही पत्रे धाडणारे स्वतःचे यंत्र वापरीतच नाहीत. ते हजारो निरपराध लोकांच्या संगणकांत शिरतात आणि तेथून पत्रे सोडतात. तिकीट लागले तर तेही त्या बिचाऱ्यांच्या खिशातून लागेल. श्रमाच्या तिकिटासंबंधी बेन लॉरी व रिचर्ड क्लेटन यांनी २००४ मध्ये हेच दाखवून दिले. चोराला अडविण्याइतके अवघड गणित घातले तर सरळमार्गी माणसाचाही खोळंबा होतो.

दुसरा आक्षेप न्यायाचा. २००६ मध्ये अमेरिकेतील ‘एओएल’ व ‘याहू’ या सेवांनी ‘गुडमेल’ नावाच्या कंपनीची योजना स्वीकारली. पत्रामागे पाव ते एक सेंट भरणाऱ्याचे पत्र चाळणीत न अडकता थेट पेटीत जावयाचे. याविरुद्ध नागरी संघटना व सेवाभावी संस्था एकवटल्या. श्रीमंतांची पत्रे राजमार्गाने आणि गरीब संस्थांची आडवाटेने जातील; शिवाय चाळणी सुधारण्यात सेवा देणाऱ्या कंपनीला स्वारस्य उरणार नाही, कारण चाळणी जितकी वाईट तितके तिकीट अधिक खपेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो खोडून काढणे कठीण होते. ‘गुडमेल’ने २०११ च्या फेब्रुवारीत दुकान बंद केले.

आपल्याकडील अनुभव

हा सारा वाद परदेशातला, त्याच्याशी रोहिणखेडाचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु पाठविणाऱ्यावर आकार बसवून पत्रांचा पूर आवरण्याचे प्रयोग भारतात झालेले आहेत आणि त्यांपैकी पहिला तर साध्या पोस्टकार्डाचाच आहे. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर सिद्धार्थ काक व रेणुका शहाणे सादर करीत असलेल्या ‘सुरभि’ या कार्यक्रमात दर आठवड्याला प्रश्न विचारला जाई. उत्तरे पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर येत. १९९३ साली एका आठवड्यात चौदा लाखांहून अधिक पत्रे आली. सामान्य माणसाच्या सोयीसाठी तोटा सोसून चालविलेले कार्ड अशा स्पर्धांच्या पुराखाली दबून जाऊ लागले, तेव्हा टपालखात्याने स्पर्धेसाठी दोन रुपयांचे वेगळे कार्ड काढले. त्याची किंमत पुढे दहा रुपयांपर्यंत गेली. कागद तोच, वजन तेच, पोस्टमनाची पायपीटही तीच. परंतु आईला लिहिलेले पत्र आणि बक्षिसासाठी धाडलेले उत्तर यांवर एकच आकार असणे योग्य नव्हे, हे तत्त्व खात्याने मान्य केले. गरिबाचे कार्ड महाग न करता पूर आवरण्याची ही युक्ती विसरण्याजोगी नाही.

दुसरा प्रयोग मोबाइलवरील संदेशांचा. नको असलेल्या व्यापारी फोनांसाठी २००७ मध्ये नोंदवही सुरू झाली. तक्रारीसाठी १९०९ हा क्रमांक मिळाला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केलेले अधिक कडक नियम २७ सप्टेंबर २०११ पासून लागू झाले आणि एका सिमकार्डावरून दिवसाला शंभरच संदेश धाडता येतील अशी मर्यादा आली. ती लवकरच दोनशे झाली. सरसकट मर्यादा ही अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर घाला आहे अशी तक्रार न्यायालयात गेली आणि जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खाजगी संदेशांवरील ती मर्यादा रद्द ठरविली. मग प्राधिकरणाने बंदीची भाषा सोडून किमतीची भाषा धरली. नोव्हेंबर २०१२ मध्ये असे ठरले की, दिवसाचे पहिले शंभर संदेश सवलतीच्या दराने, त्यापुढील प्रत्येकास किमान पन्नास पैसे. जे बंदीने साधले नाही ते दराने साधावयाचे, आणि तेही सामान्य माणसाच्या शंभर संदेशांना धक्का न लावता.

२०१८ च्या नव्या नियमांत प्रत्येक व्यापारी संस्थेने आपली, आपल्या नाममुद्रेची आणि संदेशाच्या नमुन्याचीही नोंदणी करण्याचे बंधन आले. व्यापारी संदेश पोचविण्याबद्दल घेणाऱ्याच्या कंपनीने पाठविणाऱ्या कंपनीकडून पाच पैशांपर्यंत आकार घेण्याची तरतूद आहे. या नव्या व्यवस्थेच्या भरवशावर पन्नास पैशांचा तो दर २०२० मध्ये काढून टाकण्यात आला. ८ मार्च २०२१ रोजी नमुन्यांची तपासणी कडकपणे सुरू होताच बँकांचे व्यवहार आणि लसीकरणाची नोंदणी यांसाठी लागणारे सांकेतिक क्रमांकच अडकून पडले. अखेर ती तपासणी काही दिवस स्थगित करावी लागली. दरवाजा इतका अरुंद केला की घरचा माणूसही बाहेर राहिला!

या सर्व प्रयत्नांनंतरही उपद्रव संपलेला नाही. कारण उघड आहे. ज्याला एका कर्जामागे हजारोंचे कमिशन मिळते, त्याला पाच पैसे ही रक्कमच नव्हे. तो ती आनंदाने भरतो. व्हॉट्सॲपवरही व्यापारी संस्थांना संदेशांसाठी पैसे मोजावे लागतात आणि १ जुलै २०२५ पासून हा आकार प्रत्येक संदेशावर आहे. म्हणून तेथील जाहिराती थांबल्या, असा अनुभव कोणी सांगत नाही. उलट, जो आकार घेतो त्याला अधिक संदेश यावेत असेच वाटू लागते. पहारेकऱ्याचा पगार येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या संख्येवर ठरविला तर तो दार बंद कशाला करील?

कायद्याचा दंडुका

किंमत नको, गुन्हा ठरवून शिक्षा करा, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. त्याचाही अनुभव देशाने घेतला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ या कलमाच्या एका भागात उपद्रव देण्यासाठी किंवा आपला ठावठिकाणा लपविण्यासाठी धाडलेल्या ई-मेलला शिक्षा सांगितली होती. भारतात नको असलेल्या ई-मेलला लागू करता येईल अशी तरतूद म्हणून तिच्याकडे बोट दाखविले जाई. प्रत्यक्षात हे कलम गाजले ते २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून झालेल्या अटकेमुळे. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरविले. ‘उपद्रव’ हा शब्द फौजदाराच्या हाती दिला म्हणजे तो जाहिरातदाराच्या आधी टीकाकारावर चालतो, हा त्यातील धडा. फसवणूक हा गुन्हाच आहे आणि तिला शिक्षा व्हावयास हवी. महावितरणच्या नावाने ‘आज रात्री वीज तोडू’ असे संदेश धाडून लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध पोलिसांकडे जावे, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, हे योग्यच. परंतु केवळ नको असलेले पत्र हा गुन्हा नव्हे. तो खर्चाच्या वाटणीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही खर्चाच्या वाटणीतच शोधले पाहिजे.

तिकीट नको, अनामत हवी

एवढ्या अनुभवांतून एक गोष्ट स्पष्ट होते. किती आकार घ्यावा याइतकाच तो कोणाला मिळावा आणि कोणाला माफ व्हावा, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. पत्र पोचविण्याचा खर्च आज जवळजवळ शून्य आहे. खर्च होते ते वाचणाऱ्याचे लक्ष. मग आकारावर हक्क वाहतूक करणाऱ्या कंपनीचा नसून वाचणाऱ्याचाच असावयास हवा. थीड लोडर, मार्शल व्हॅन अल्स्टाइन आणि रिक वॉश या मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी या दिशेने अनामतीची योजना मांडली आहे. अनोळखी पाठविणाऱ्याने पत्रासोबत अल्पशी रक्कम ठेव म्हणून ठेवावी. घेणाऱ्याला पत्र उपयुक्त वाटले तर ती परत जावी, नको वाटले तर ती त्याने आपल्याकडे वळवावी. बैरंग पत्र परत करण्याचा घरधन्याचा जुना अधिकार येथे नव्या स्वरूपात, तोही भरपाईसह, पुन्हा मिळतो.

या योजनेला आपल्याकडील अनुभवाची जोड दिली तर तिचे आराखडे सहज दिसू लागतात. ज्यांचा परस्परांशी पत्रव्यवहार आहे त्यांना कोणतीही अनामत नसावी. अनोळखी व्यक्तीला लिहिण्यासाठीही दिवसाची शंभर पत्रे मोकळी असावीत. म्हणजे नोकरीसाठी चाळीस ठिकाणी अर्ज करणाऱ्या रोहिणखेडच्या पदवीधराला, किंवा पालकांना सूचना धाडणाऱ्या तेथील शाळेला, एक पैसाही पडणार नाही. त्यापुढे मात्र प्रत्येक पत्रावर अनामत हवी. संगणक चोरून पत्रे सोडणाऱ्यांचा आक्षेपही यामुळे बराच बोथट होतो, कारण शंभराची मर्यादा ओलांडताच चोरलेल्या खात्यातील अल्प ठेव संपेल, पत्रे थांबतील आणि आपल्या यंत्रात कोणी शिरले आहे हे मालकाला प्रथमच कळेल. सरकारी इशाऱ्यांना सूट असणे आवश्यक आहे. पावसाच्या इशाऱ्याला अनामत मागणे हास्यास्पद ठरेल. तथापि इशारा आणि शुभेच्छा यांतील भेद सरकारनेही पाळला पाहिजे. व्यापारी संदेशांच्या नियमांतून सरकारी संदेश वगळलेले आहेत. सवलतीचा हा दरवाजा प्रसिद्धीसाठी उघडा राहिला तर शेतकरी खऱ्या इशाऱ्याकडेही पाठ फिरवील.

हे अशक्य आहे काय? एका पैशाची वसुली करण्यास एका पैशाहून अधिक खर्च येतो, हा एकेकाळचा बिनतोड आक्षेप होता. २०१६ मध्ये यूपीआयची पद्धत आली आणि आज खेड्यातील चहाच्या टपरीवरही दहा रुपये फोनवरून चुकते होतात. पत्रागणिक देवघेव न करता महिन्याकाठी जमाखर्च मिटविला तर पैशांचा हिशेब ठेवणे अवघड नाही. संख्येनुसार भेद करण्याचे तत्त्वही नवे राहिलेले नाही. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या जीमेल खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना वेगळे नियम लावले आहेत. त्यांनी आपली ओळख सिद्ध करावी, नाव वगळण्याची सोय एका कळीवर द्यावी आणि तक्रारींचे प्रमाण हजारी तीनच्या खाली ठेवावे. याहूनेही त्याच सुमारास असेच नियम केले. म्हणजे घाऊक पाठविणारा आणि सामान्य पत्रलेखक यांना एकाच मापाने मोजावयाचे नाही, हे या क्षेत्रातील बलाढ्य कंपन्यांनीही स्वीकारले आहे. उणीव एवढीच की, नियम त्यांचे, निवाडा त्यांचा आणि चाळणीही त्यांचीच. कोणते पत्र कोणत्या कप्प्यात का गेले, याचा जबाब पत्र हरवलेल्या विद्यार्थ्याला कोणी देत नाही.

खरी अडचण आहे ती ई-मेलच्या स्वरूपात. तो कोणा एका देशाच्या टपालखात्याचा नाही. त्यामुळे एका सरकारने हुकूम काढून त्याला अनामत लावता येणार नाही. म्हणूनच आरंभ जेथे शक्य आहे तेथे करावा. मोबाइलवरील संदेश देशातील कंपन्यांमार्फत आणि देशातील प्राधिकरणाच्या नियमांनुसार जातात. पाठविणाऱ्यांची नोंदवही तयार आहे, आकाराची तरतूदही आहे. त्या पाच पैशांचा धनी बदलणे आणि तक्रार खरी ठरल्यास आकार अनेकपटींनी वाढवून तो तक्रार करणाऱ्याच्या खात्यावर जमा करणे, एवढे पाऊल पडले तरी पुष्कळ होईल. आज १९०९ वर तक्रार करणाऱ्याला मिळते ते केवळ समाधान. उद्या त्याला दोन-चार रुपये मिळू लागले तर तक्रार करण्याचा आळस राहणार नाही आणि पाठविणाऱ्याला हिशेब करावा लागेल. खोट्या तक्रारींचा धोका आहे हे खरे. परंतु ज्याने स्वतः संमती दिली त्याला भरपाई नाही, एवढ्या एका अटीने त्याला बराचसा आळा बसेल.

घाट चढून जाणाऱ्या जुन्या वाटेवरील जासूद आज राहिला नाही, पंधरा पैशांचे कार्डही राहिले नाही. निरोप स्वस्त झाला ही प्रगतीच आहे आणि ती उलटी फिरविण्याची भाषा कोणी करू नये. मोताळ्याच्या बाजारातला भाव, मुंबईतील मुलाची खुशाली आणि परीक्षेचा निकाल क्षणात घरी यावा, हे सुख थोडे नव्हे. परंतु निरोप स्वस्त झाला म्हणून तो ऐकणाऱ्याचा वेळही फुकट झाला, हा हिशेब चुकीचा आहे. रोहिणखेडच्या शिक्षकाची सकाळची दहा मिनिटे ही त्याची स्वतःची मिळकत आहे. ज्याला ती हवी असतील त्याने मोबदला दारातच ठेवावा आणि तो घ्यावा की सोडावा, हे त्या घराच्या धन्याने ठरवावे.